दोन वस्ताद

आमच्या मावळात गावोगावच्या जत्रांना कुस्त्यांचा फड लागतो, तेव्हा एक जुनी रीत पाळली जाते. पैलवान आखाड्यात उतरला की पुकारणारा त्याचे नाव सांगतो, गाव सांगतो, आणि तो कोणत्या तालमीचा व कोणत्या वस्तादाचा पठ्ठा हेही सांगतो. कुस्ती एकाने जिंकावयाची, परंतु नाव दोघांचे घ्यावयाचे. ज्याने पहाटेच्या अंधारात त्या पोराकडून जोर-बैठका काढून घेतल्या आणि चुकलेला डाव पुन्हा पुन्हा लावून दाखविला, त्याचा वाटा चारचौघांत मान्य करण्याची ही रीत मला शहाणपणाची वाटते. मोठ्या मैदानांवर ती क्वचितच आढळते. तेथे टाळ्या खेळाडूस मिळतात आणि पराभवाचा दोष तेवढा वस्तादाच्या पदरी पडतो.

आज आपणापुढे अशा दोन वस्तादांची चरित्रे ठेवावयाची आहेत. एक आयर्लंडातील फुटबॉलपटू पॅट्रिक ओकॉनेल. दुसरे, ज्यांची कर्मभूमी आमचे लोणावळे, ते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. एकाचे क्षेत्र चेंडूचे, दुसऱ्यांचे व्यायामाचे व योगाचे. तेव्हा ही जोडी प्रथमदर्शनी विजोड वाटेल. परंतु दोघांच्या जन्मात अवघे चार वर्षांचे अंतर आहे. दोघांनीही आपला पिंड दुसऱ्याच्या शिस्तीखाली घडविला आणि पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास दुसऱ्यांना घडविण्याचे काम पत्करले. दोघांच्याही कार्यावर राजकारणाचे घाव पडले. आणि मागे काय उरले हे पाहू जाता दोघांत जमीन-अस्मानाचा फरक दिसतो. तो का पडला, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पॅट्रिक ओकॉनेलचा जन्म १८८७ सालचा, आयर्लंडच्या वेस्टमीथ परगण्यातला. तो वाढला डब्लिन शहरात. बेलफास्टच्या सेल्टिक संघात नाव झाल्यावर १९०९ साली शेफील्डच्या वेन्स्डे संघाने त्यास इंग्लंडात नेले; तेथून १९१२ साली तो हल सिटी संघात गेला. १९१४ साली इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स व आयर्लंड या चार देशांच्या स्पर्धेत आयर्लंडने प्रथमच एकट्याने अजिंक्यपद मिळविले. इंग्लंडला तर त्याच्याच भूमीवर तीन विरुद्ध शून्य असे हरविले. ओकॉनेल त्या संघात होता. त्याच वर्षी मँचेस्टर युनायटेड संघाने हल सिटीस एक हजार पौंड देऊन त्यास विकत घेतले आणि कर्णधार केले.

'विकत घेतले' हा शब्द मी जाणून वापरला. ते हजार पौंड एका क्लबाने दुसऱ्या क्लबास दिले होते. १९०१ पासून इंग्लंडात व्यावसायिक खेळाडूच्या वेतनावर मर्यादा घातलेली होती. आरंभी ती आठवड्यास चार पौंड होती. ज्याच्या पायांवर हजारो प्रेक्षक तिकिटे काढीत, त्याची मिळकत एखाद्या कुशल कारागिराहून फारशी अधिक नव्हती आणि तिशी उलटली की तीही संपे. तो काळ फुटबॉलपटूस किती अडचणीचा होता, हे यावरून कळावे. पुढे जे घडले त्याचे हे समर्थन होऊ शकत नाही, परंतु त्याची पार्श्वभूमी हीच आहे.

२ एप्रिल १९१५ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना झाला. महायुद्ध पेटलेले होते, आणि चालू हंगामानंतर स्पर्धा बंद पडणार हे जो तो जाणून होता. त्या दिवशी युनायटेडने दोन विरुद्ध शून्य असा विजय मिळविला. परंतु नेमक्या याच निकालावर ठिकठिकाणी मोठ्या पैजा लागल्या होत्या, हे लवकरच उघडकीस आले. चौकशी होऊन दोन्ही संघांतील मिळून सात खेळाडूंना आजन्म खेळबंदीची शिक्षा झाली. त्या सामन्यात ओकॉनेलने पेनल्टीचा चेंडू गोलाच्या बाहेर पुष्कळच दूर मारला होता. शिक्षा झालेल्यांत त्याचे नाव नाही. लोकांच्या मनात मात्र तो चेंडू कायमचा राहिला.

महायुद्ध संपल्यावर तो अ‍ॅशिंग्टन या खाणकामगारांच्या लहानशा गावी खेळू लागला आणि तेथेच खेळाडू व व्यवस्थापक अशी दुहेरी जबाबदारी त्याच्याकडे आली. १९२२ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्याने मँचेस्टरमधील घर, पत्नी आणि चार मुले मागे ठेवली आणि स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील सांतांदेर हे बंदर गाठले. त्या कुटुंबात तो पुन्हा कधी नांदला नाही. वस्तादाचे चरित्र सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. शिष्यांचा बाप होणारा मनुष्य घरच्या मुलांना पारखा झाला, हेही त्या चरित्राचेच अंग आहे.

स्पेनला परदेशी प्रशिक्षकांची गरज का भासली, हे समजून घेतले पाहिजे. फुटबॉल त्या देशात इंग्रज खलाशी, व्यापारी आणि खाणींतील अधिकारी यांच्याबरोबर आला. आपल्या मुंबईतही तो असाच आला. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकावर कित्येक वर्षे गोऱ्या पलटणींचीच नावे कोरली जात होती आणि बंगळूर मुस्लिम्स या हिंदी संघाने तो जिंकावयास १९३७ साल उजाडावे लागले. स्पेनमधील क्लबांनी निराळी युक्ती केली. इंग्रजांचा खेळ शिकावयाचा तर त्या बेटांवरचा जाणता खेळाडूच पगार देऊन आणावा, असे त्यांनी ठरविले. सांतांदेरच्या रेसिंग क्लबाने प्रथम फ्रेड पेंटलंड या इंग्रजास आणले होते. तो बिल्बाओस गेल्यावर ती जागा ओकॉनेलला मिळाली.

तेथे तो सात वर्षे राहिला. प्रांतिक अजिंक्यपदे तर त्याच्या संघाने वारंवार मिळविलीच. परंतु १९२९ साली स्पेनची राष्ट्रीय साखळी स्पर्धा प्रथमच सुरू झाली, तेव्हा पहिल्या श्रेणीतील दहा संघांपैकी नऊ ठरल्यावर उरलेल्या एकाच जागेसाठी जी चुरस झाली, तीतही रेसिंगच विजयी ठरले. पुढे तो ओव्हिएदोस गेला आणि नंतर दक्षिणेकडे सेव्हिल येथील बेतिस या क्लबाकडे. बेतिस हा काही धनाढ्य क्लब नव्हता. ओकॉनेलने उत्तरेतील बास्क प्रांताचे दणकट खेळाडू आणि दक्षिणेतील चपळ खेळाडू यांची सांगड घातली आणि बचाव भक्कम केला. १९३४-३५ च्या हंगामात बावीस सामन्यांतून बेतिसचे चौतीस गुण झाले आणि माद्रिदचे तेहतीस. एका गुणाने अजिंक्यपद सेव्हिलला आले. शेवटचा निर्णायक सामना २८ एप्रिल १९३५ रोजी सांतांदेर येथे, त्याच्याच जुन्या संघाशी होता. बेतिसने तो पाच विरुद्ध शून्य असा जिंकला. बेतिसला साखळी स्पर्धेचे अजिंक्यपद मिळाले ते तेवढ्या एकाच वेळी. स्पेनमधील लोक त्यास आदराने 'दॉन पात्रिसियो' म्हणू लागले.

या यशामुळे बार्सिलोनाने त्यास बोलाविले. दुसऱ्याच वर्षी, जुलै १९३६ मध्ये, स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले. क्लबाचे अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना ऑगस्टमध्ये विरोधी सैनिकांनी गोळ्या घालून ठार केले. प्रेक्षक नाहीत, पैसा नाही, शहरावर युद्धाची छाया, अशा स्थितीत १९३७ साली मेक्सिको व अमेरिकेच्या दौऱ्याचे आमंत्रण आले, तेव्हा ओकॉनेल संघ घेऊन अटलांटिकपार गेला. बरेच खेळाडू सुरक्षिततेसाठी बाहेरच राहिले, परंतु दौऱ्याच्या पैशाने क्लबाची देणी भागविण्यास मोठा आधार झाला. बार्सिलोनाचा क्लब त्या वर्षी मोडला नाही, याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांत या आयरिश माणसाचे नाव अवश्य घ्यावे लागते.

युद्धानंतर तो पुन्हा बेतिसकडे, मग सेव्हिया क्लबाकडे आणि शेवटी पुन्हा सांतांदेरला गेला. १९४२-४३ साली सेव्हियास त्याने दुसऱ्या क्रमांकावर आणले. नंतर मात्र मागणी आटली. १९५९ च्या फेब्रुवारीत लंडन शहरी अत्यंत दारिद्र्यात त्याचा अंत झाला. केन्सल ग्रीनच्या दफनभूमीत त्यास पुरले, परंतु थडग्यावर नावाचा दगडदेखील नव्हता. तो दगड बसावयास २०१६ साल यावे लागले. मध्ये सत्तावन्न वर्षे गेली.

आता स्पेनचा किनारा सोडून आपण आपल्या देशाकडे वळू.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची गरिबी, परंतु बुद्धी तल्लख. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. ही शिष्यवृत्ती ज्याला मिळे त्याने पुढे वकील व्हावे किंवा सरकारी अधिकारी व्हावे, अशीच तेव्हाच्या घरांतील अपेक्षा असे. गुणे यांची पावले मात्र तालमीकडे वळली. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली देशी व्यायामाचे रीतसर शिक्षण घेतले.

ही व्यायामशाळा मूळ जुम्मादादा या उस्तादांची. त्यांच्यामागे ती नावारूपास आणली माणिकरावांनी, आणि आपले नाव न देता उस्तादांचेच नाव तिला ठेवले. माणिकरावांचे आणखी एक मोठे काम असे की, आखाड्यात एकेकट्याने करावयाचा व्यायाम त्यांनी शेकडो मुलांना एका वेळी, एका तालात, देशी भाषेतील आज्ञांवर करावयास लावला. याला त्यांनी संघव्यायाम म्हटले. त्या काळी शाळांतील कवायत म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेल्या हवालदाराने इंग्रजी शब्दांवर घेतलेली पायपीट असे. माणिकरावांनी तिला आपला अर्थ व आपली भाषा दिली. गुणे हे सारे जवळून पाहत होते. आपण स्वतः करणे वेगळे आणि दुसऱ्यांकडून करविणे वेगळे, हा धडा त्यांना तेथेच मिळाला असावा.

पुढे ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षणकार्यात पडले. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. परंतु सरकारच्या रोषामुळे १९२३ साली ते महाविद्यालय बंद पडले. मावळातील श्रोत्यांना असा प्रसंग नवा नाही. प्राध्यापक विजापूरकरांचे तळेगाव दाभाडे येथील समर्थ विद्यालय १९१० साली याच कारणाने बंद झाले होते. संस्था बुडाली की शिक्षक रस्त्यावर येतो. मग एक तर तो नोकरी पाहतो, नाही तर नवी संस्था काढतो. गुणे यांनी दुसरा मार्ग पत्करला.

त्यापूर्वी १९१९ साली नर्मदातीरी मालसर येथे त्यांना परमहंस माधवदासजी भेटले आणि त्यांच्यापाशी योगाचे शिक्षण मिळाले. या क्रियांचा लाभ त्यांनी स्वतः अनुभवला. तथापि गुणे यांची वृत्ती शिक्षकाची होती. मला लाभ झाला, एवढ्याने त्यांचे समाधान होईना. हा लाभ कशामुळे होतो, सर्वांना होईल काय, कोणास अपाय होईल, हे कळल्यावाचून दुसऱ्यास शिकवावे कसे, असा त्यांना प्रश्न पडला. म्हणून १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासणी केली. पुढे नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, हे मोजून दाखविले आणि त्या पोकळीस आपल्या गुरूंचे नाव दिले.

१९२४ च्या ऑक्टोबरात त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली खुला झाल्यापासून मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना लोणावळे हाकेच्या अंतरावर आले होते. मुंबईचे श्रीमंत लोक तेथे हवा खाण्यास येत. बंगले होते, बागा होत्या. त्या विसाव्याच्या गावी वळवणच्या बाजूस या गृहस्थांनी प्रयोगशाळा मांडली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' नावाचे इंग्रजी त्रैमासिक काढले.

आपल्याकडे अशी एक समजूत आहे की, वस्ताद शंभर डाव शिकवितो पण शेवटचा एक राखून ठेवतो. शिष्य उलटला तर तो डाव उपयोगी पडावा, हा त्यातील हेतू. या समजुतीने आपले पुष्कळ नुकसान केले आहे. किती विद्या एकेका माणसाबरोबर चितेवर गेल्या, याची गणती नाही. कुवलयानंदांनी राखून काही ठेवले नाही. जे तपासले ते त्रैमासिकात छापले. आकडे दिले, छायाचित्रे दिली, कोणी कोणता अभ्यास टाळावा हेही सांगितले. लोकांत रूढ असलेले समजही त्यांनी तपासल्यावाचून घेतले नाहीत. प्राणायामाने शरीरास प्राणवायूचा मोठा जादा पुरवठा होतो, असे भले भले सांगत. कुवलयानंदांनी मोजमाप करून प्राणायामाचे महत्त्व त्यात नाही असे स्वच्छ लिहिले. आपल्याच विद्येच्या कौतुकाला कात्री लावावयास धैर्य लागते. येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहनन लोणावळ्यास येऊन शिकून गेले आणि १९३७ साली त्यांनी योगावर शास्त्रीय ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा या मोकळेपणाचे चीज झाले असे म्हणावयास हरकत नाही.

१९३१ साली आसनांवरील त्यांचे पुस्तक निघाले, आणि १९३६ साली 'यौगिक संघव्यायाम'. या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच माणिकरावांच्या आखाड्याची आठवण आहे. साधू गुहेत करतो ती आसने शाळेच्या पटांगणात मुलांच्या रांगांकडून, आज्ञेच्या तालावर, क्रमाने कशी करून घ्यावी, हे त्यात सांगितले आहे. तेव्हाच्या मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या कामातही त्यांचा सल्ला घेतला जाई. आणि १९५० साली त्यांनी लोणावळ्यास योगशिक्षक तयार करणारे महाविद्यालय काढले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. पंचवीस वर्षांचा तरुण असताना ते माणिकरावांसमोर उभे राहिले होते. सदुसष्टाव्या वर्षी ते शिक्षकांचे शिक्षक झाले. कैवल्यधामाने २०२४ साली शंभरी पूर्ण केली. वस्ताद गेल्यावर अठ्ठावन्न वर्षांनीही तालीम चालू होती.

श्रोतेहो, आता तुलना करू. दोघांपैकी अधिक थोर कोण, हे ठरविण्याचा माझा हेतू नाही. ओकॉनेल काही कमी प्रतीचा प्रशिक्षक नव्हता. साधारण क्लबास देशाचे अजिंक्यपद मिळवून देणे आणि बुडणाऱ्या क्लबास युद्धकाळात तारून नेणे या गोष्टी सामान्य माणसाच्या हातून होत नाहीत. परंतु त्याची विद्या त्याच्या नोकरीला बांधलेली होती. करार संपला की तो दुसऱ्या गावी जाई. आपली पद्धत लिहून ठेवण्यास त्यास सवड नव्हती आणि तशी कोणाची मागणीही नव्हती. मैदानाबाहेर त्याला घर नव्हते. जे होते ते त्याने स्वतःच मोडले. म्हणून म्हातारपणी सांभाळण्यास कोणी उरले नाही आणि नाव पुकारण्यासही उरले नाही.

कुवलयानंदांना हे भाग्य आपोआप लाभले असे नाही. अमळनेरचे महाविद्यालय त्यांच्या डोळ्यांदेखत बंद पडले होते. एका माणसावर किंवा एका इमारतीवर अवलंबून असलेली विद्या किती सहज नष्ट होते, हे त्यांनी सोसलेले होते. यासाठी त्यांनी तीन गोष्टी केल्या : विद्या तपासली, तपासलेली छापली, आणि ती शिकविणारी माणसे तयार केली. खेळाडू एक पिढी गाजवितो. शिक्षक तयार करणारा पुढच्या दोन-तीन पिढ्यांची तजवीज करून जातो.

मी आयुष्यभर शाळामास्तरकी केली, म्हणून शेवटी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. शाळेच्या वेळापत्रकात खेळाचा तास असतो, पण परीक्षा जवळ आली की गणिताकरिता पहिला बळी त्याचाच जातो. व्यायामशिक्षकाकडे शाळेतील बाके हलविण्याचे आणि समारंभात रांगा लावण्याचे काम देतात. त्याच्याजवळ काही विद्या आहे असे फारसे कोणी धरीत नाही. सुशिक्षित घरांतून मुलाच्या इंग्रजीच्या शिक्षकाची चौकशी होते. त्याला धावावयास, पोहावयास, पडल्यावर उठावयास कोण शिकवितो, हे पुष्कळ पालकांना ठाऊकही नसते. मग त्या शिक्षकाने काही टिपून ठेवावे, कोणास तयार करावे, अशी उमेद त्यास यावी कोठून? तो निवृत्त होतो आणि त्याच्या तीस वर्षांच्या अनुभवाचे गाठोडे घेऊन घरी जातो.

तेव्हा आपल्या मुलाने किंवा मुलीने सामना जिंकून घरी ढाल आणली, तर तिच्यावरील नाव वाचून झाल्यावर एक प्रश्न अवश्य विचारा : तुला हे शिकविले कोणी? आणि जमल्यास त्या शिक्षकास एकदा घरी बोलवा, त्यांची पद्धत त्यांच्याकडून ऐका आणि ती मुलास वहीत उतरून घ्यावयास सांगा. दगडावर नाव कोरण्यास सत्तावन्न वर्षे लागतात. वहीत उतरून घेण्यास एक संध्याकाळ पुरते.